उत्तरेचा झोत, दक्षिणेचा झोत

हे छायाचित्र नोव्हेंबर १९८४ मधलं. अंतराळवीर डेल गार्डनर यांच्या हातातली पाटी नीट पाहा: 'फॉर सेल'. विकणे आहे!

थट्टाच ती, पण अगदीच खोटी नव्हती. वेस्टार ६ हा उपग्रह फेब्रुवारीत सुटला आणि इंजिन दगावल्यानं भलत्याच कक्षेत अडकला. गार्डनर पाठीवरच्या जेटच्या जोरावर त्याच्यापर्यंत गेले, भाल्यासारखा दांडा त्याच्या इंजिनाच्या तोंडात खुपसला आणि फिरतं धूड थांबवलं. डिस्कव्हरी यानातून ते पृथ्वीवर परत आलं.

डागडुजी झाली, मालक बदलले, नावही बदललं: एशियासॅट १. ७ एप्रिल १९९० रोजी चीनमधल्या शीचांगहून तो पुन्हा वर गेला. हे तेच उड्डाण.

आता हा नकाशा. उपग्रहाकडून जमिनीवर येणाऱ्या संदेशांचे झोत दोन. उत्तरेचा चीन, कोरिया, जपानवर. दक्षिणेचा भारतावरून थेट पश्चिम आशियापर्यंत. ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेला संदेश परत खाली पाठवणारं उपग्रहावरचं यंत्र. तेव्हा एकावर चित्र एकच असे, पण त्याला वेगवेगळ्या भाषांचे आवाज जोडता येत. त्यामुळे ट्रान्सपाँडर घेताना वाटाघाटीत नुसतं भाडं ठरवून भागत नसे. झोत कुठला? जादा आवाज कोणाच्या ताब्यात? ट्रान्सपाँडर बिघडला तर दुसरा मिळणार का? आणि खरी मेख इथे: ट्रान्सपाँडर आपल्या नावावर, की आपण पोटभाडेकरू? ही बोलणी बंद दाराआड होतात, तिथे कॅमेरा नसतो.

१९९१ मध्ये बीबीसीची वृत्तवाहिनी आशियात आली ती हाँगकाँगच्या स्टार टीव्हीच्या ट्रान्सपाँडरवरून. म्हणजे पोटभाडेकरूच. जुलै १९९३ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांनी ५२.५ कोटी डॉलर मोजून स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा घेतला. एप्रिल १९९४ मध्ये उत्तरेच्या झोतातून बीबीसी गेली, चीनमध्ये ती दिसेनाशी झाली. दक्षिणेत मात्र चालू राहिली. उपग्रह तोच, वाहिनी तीच!

त्याच वर्षी बीबीसीनं अरबी वाहिनी सुरू केली. पुन्हा पैसा आणि प्रक्षेपण दुसऱ्याचं, सौदी मालकीच्या ऑर्बिट या कंपनीचं. एप्रिल १९९६ मध्ये सौदी अरेबियावरच्या एका माहितीपटावरून खटका उडाला आणि ऑर्बिटनं करार मोडला.

हे कतारमधलं दोहा. नोव्हेंबर १९९६, अल जझीरा ही अरबी वृत्तवाहिनी सुरू होतेय. या न्यूजरूममधले बरेच जण त्या बंद पडलेल्या वाहिनीतून आलेले आहेत.