बाबांचा खुंट आणि बुडालेलं जहाज

(पहाट. तलाव. डोंगा काठापासून सुटतो.)

हा आमच्या गावचा मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळचा. भंडारा-गोंदियाकडे असे तलाव गावोगाव आहेत. बहुतेक कोहळी लोकांनी बांधले आणि मासोळी धरत आलो आम्ही ढिवर. पाणी हिरवं, हातभर खाली काही दिसत नाही. माझ्या बाबांना तळ पायांनी पाठ आहे. कुठे चिखल, कुठे दगड, कुठे जुन्या झाडाचा बुडालेला खुंट. जाळं ते खुंटाजवळच टाकतात.

(निळं पाणी. नळीतून श्वासाचा आवाज.)

आणि हे इंडोनेशियातलं बाली बेट, गाव तुलांबेन. काठावर ज्वालामुखीचे काळे गोटे, पाय ठरत नाही. त्यावरून इथल्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवून पाणबुड्यांची हवेची सिलिंडरं वाहतात. मला आमच्या विहिरीवरून गुंड घेऊन येणाऱ्या बायाच आठवल्या.

मी सिलिंडर घेतलं नाही. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळली, म्हणजे वाफ धरत नाही. नळी तोंडात धरली आणि पाण्यावर पालथा झालो. थोडं अंतर गेलो, तर खालून काळं काहीतरी वर येऊ लागलं.

'लिबर्टी', अमेरिकेचं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ओढून बालीतल्याच सिंगाराजा बंदराला न्यायला निघाले, पण पाणी फार शिरलं, म्हणून इथेच किनाऱ्याला लावलं. एकवीस वर्षं ते तसंच पडून होतं. १९६३ साली मागचा अगुंग ज्वालामुखी फुटला, जमीन हादरली आणि जहाज घसरत पाण्यात गेलं. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबी. तळ तीसेक मीटरवर, पण वरची कड पाचच मीटरवर. म्हणून तर माझ्यासारख्याला दिसलं.

एका लोखंडी फासळीवर मी कितीतरी वेळ थांबलो. बोटभरही लोखंड उघडं नव्हतं. प्रवाळ, स्पंज, त्यांच्या फटींतून आत-बाहेर करणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. हात छातीशी घट्ट धरले होते; धक्का लागला तरी प्रवाळ मोडतं. खालच्या पाणबुड्यांचे बुडबुडे पत्र्याच्या भोकांतून वर आले आणि माझ्या पोटाला घासून गेले.

भोवती सगळी काळी वाळू. सरकत्या वाळूत प्रवाळाला मूळ धरता येत नाही, टणक जागा लागते. ती या जहाजानं दिली.

(पुन्हा तलाव.)

बाबांनी मोबाइलवर हे दोनदा पाहिलं. म्हणाले, "खुंटच आहे ना बाबू हा. खुंट असन तं मासोळी येनच."

मग माझा मास्क मागून घेतला. डोंगा खुंटाशी लावला, पाण्यात उतरले आणि तोंड खाली घातलं. बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा मास्क कपाळावर सरकवून म्हणाले, "त्याच्या शेवाळात बारके झिंगे आहेत रे. पायाले कधी समजलेच नाही."