पोटगीचा महिना आणि आखाजीचे साल

जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेरच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर केळीची मृगबाग लावली, तर केळीचा पैसा हाती यायला वर्ष उलटते. कपाशीचा पैसा वेचणी सुरू झाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसू लागतो. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणारा शेतमजूर, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो. ठरतानाच तो उचल, म्हणजे मजुरीतली आगाऊ रक्कम, घेतो आणि ती बहुधा जुनी देणी फेडण्यात संपते. धुळे-नंदुरबारकडचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर गुजरातच्या किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर निघतो. खान्देशातील या माणसांचे उत्पन्न हंगामाने येते. न्यायालयाचा पोटगीचा आदेश मात्र महिन्याच्या हिशेबाने चालतो, आणि या माहितीपटाचा विषय असलेली बरीचशी थकबाकी या दोन हिशेबांच्या मध्ये साचते.

पोटगी चुकवणारा प्रत्येक बाप लाचार असतो, असे आमचे म्हणणे नाही. शेत भावाच्या नावावर करून, ट्रॅक्टर मेहुण्याच्या दारात उभा करून तारखेला फाटका सदरा घालून येणारेही असतात. त्यांच्यावर वॉरंट निघालेच पाहिजे. प्रश्न उरतो तो ज्याच्याकडे खरोखरच पैसा नाही, त्याच्या बाबतीत हेच वॉरंट नेमके काय साधते, हा.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पुरेसे साधन असूनही पत्नीला, मुलांना किंवा आईवडिलांना न सांभाळणाऱ्याविरुद्ध पोटगीचा आदेश देण्याचा अधिकार त्यात आहे. आदेश पाळला गेला नाही, तर दंडाची रक्कम जशी वसूल करतात तशी वसुली करण्यासाठी न्यायदंडाधिकारी वॉरंट काढू शकतात, आणि त्यानंतरही रक्कम बाकी राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतात. मात्र या कैदेने देणे फिटत नाही. कैद हे वसुलीचे साधन आहे, देणे चुकते झाल्याची पावती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कुलदीप कौर प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तत्त्व म्हणून हे योग्यच आहे, कारण महिनाभराच्या तुरुंगवासात जबाबदारी धुऊन निघू लागली तर धनदांडगे हसत आत जातील. पण एका मजुराचे गणित मांडून पाहू. दरमहा ४,००० रुपयांची पोटगी वर्षभर थकली, तर देणे ४८,००० रुपये होते. तो एक महिना तुरुंगात गेला, तर त्या महिन्याची मजुरी बुडते, नवा हप्ता वर चढतो आणि बाहेर येताना देणे ५२,००० रुपये झालेले असते. तो महिना ऐन वेचणीचा किंवा ऊसतोडीचा असेल, तर मुकादम त्याची जागा दुसऱ्याला देतो आणि उचलीचे कर्ज अंगावर राहते. ज्या लेकरासाठी हे सगळे झाले, त्याच्या ताटात या महिन्याने काहीच वाढलेले नसते.

रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवले. न्यायालयीन विलंबाचा भुर्दंड स्त्रीने का सोसावा, हा त्यामागचा विचार रास्त आहे. तरीही अर्जाच्या निकालाला दोन वर्षे लागली आणि मधल्या काळात अंतरिम पोटगी ठरली नाही, तर निकालाच्या दिवशीच चोवीस महिन्यांची थकबाकी उभी राहते. याच निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता व देणी सांगणारे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. नोकरदाराकडे पगाराची पावती असते. सालदाराचा व्यवहार तोंडी असतो आणि उचल मुकादमाच्या वहीत असते. अशा माणसाचे उत्पन्न अखेर अंदाजानेच ठरते.

या कठोरपणाची झळ बापापुरतीच राहत नाही. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्यासाठी मुलाच्या आईला दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या न्यायालयात यावे लागते, आणि नवरा सुरतेत उधन्याला आहे की लिंबायतला, हे तिलाच शोधून सांगावे लागते. वॉरंटच्या भीतीने जो माणूस गाव सोडतो, तो मुलाला भेटायलाही येत नाही.

अमेरिकेत हीच गाठ २०११ साली टर्नर विरुद्ध रॉजर्स या खटल्यात समोर आली. दक्षिण कॅरोलायनातील एका बापाला सुमारे ५,७०० डॉलरच्या थकबाकीसाठी बारा महिने कैद झाली होती. त्याच्याकडे वकील नव्हता आणि त्याची देण्याची ऐपत आहे का, याचा निष्कर्षच कोणी नोंदवला नव्हता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही कैद अवैध ठरवली.

आपल्या कायद्यात ही चौकशी आधीपासून आहे. कैद होते ती ‘पुरेशा कारणाशिवाय’ पोटगी न देणाऱ्याला; आणि परिस्थिती बदलली, तर कलम १४६ खाली रक्कम कमी किंवा जास्त करून मागता येते. पण केळी वादळात झोपली त्या आठवड्यात असा अर्ज करायचा असतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगितलेले नसते, आणि मागची थकबाकी त्याने आपोआप घटत नाही. वसुलीच्या तारखेला न्यायालयाने उचल किती, कपाशी कधी विकणार, तोडीहून कधी परतणार, एवढे विचारून त्याप्रमाणे हप्ते बांधून द्यावेत आणि ते थेट मुलाच्या आईच्या बँक खात्यात जमा करायला सांगावेत. म्हणजे तिलाही प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून एसटीने तालुका गाठावा लागणार नाही.