पतंगाचा डोळा आणि पातळ सौरघट

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईकरांना तूर भेटते ती डाळ होऊन, वाण्याच्या दुकानात. मराठवाडा-विदर्भातल्या ज्या शेतातून ती येते, तिथे केवढी गजबज असते याची कल्पना इथे बसून येत नाही. तुरीवर जगणाऱ्या कीटकांच्या 200 हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. पिकाला खरा मार देणाऱ्या त्यातल्या मोजक्याच: घाटे अळी, पिसारी पतंग, शेंगमाशी.

शेंगमाशीचं काम बघा. शेंग बाहेरून हिरवीगार दिसते, आत अळी दाणा कुरतडत असते. कोषात जाण्याआधी ती शेंगेची साल आतून खरवडते आणि एका जागी नुसता पापुद्रा शिल्लक ठेवते. पुढे कोषातून निघालेली माशी तोच पापुद्रा फोडून उडून जाते. शेतकऱ्याला भोक दिसतं तेव्हा दाणा कधीच गेलेला असतो.

आता या शेताचा सौरविजेशी काय संबंध, ते सांगतो. नेहमीच्या सौर पॅनेलमधली सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रोमीटरच्या आसपास जाड असते. पातळ थराच्या सौरघटात प्रकाश शोषणारा थर असतो जेमतेम एक ते तीन मायक्रोमीटरचा. काचेवर तो चढवता येतो, वाकणाऱ्या पत्र्यावरही चढवता येतो. आपल्या मुंबईत जुन्या शेडचे पत्रे जड पॅनेल पेलत नाहीत, तिथे अशा हलक्या पट्ट्यांची फार गरज आहे. अडचण अशी की थर पातळ केला की काही प्रकाश न शोषताच निसटतो. शिवाय पृष्ठभागावरून परत फिरणारा प्रकाश वाया जातो तो वेगळाच.

इथे पतंग मदतीला आला. निशाचर पतंगांच्या डोळ्यांवर साधारण 200 नॅनोमीटरचे उंचवटे असतात, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान. त्यामुळे हवा कुठे संपली आणि डोळा कुठे सुरू झाला, अशी ठळक सीमाच प्रकाशाला लागत नाही आणि तो आत शिरतो. 1960 च्या दशकात हे उलगडलं. आज सौरघटांवरच्या परावर्तनरोधी थरांसाठी हीच रचना वापरून पाहतात. 2017 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या संशोधकांनी कॉमन रोज या फुलपाखराच्या काळ्या पंखांतली वेडीवाकडी सूक्ष्म छिद्रं सिलिकॉनच्या पातळ थरात उतरवली. सरळ पडणाऱ्या प्रकाशाचं शोषण जवळजवळ दुप्पट झालं. हा आकडा शोषणाचा आहे, विजेचा नव्हे, पण वाट सापडली. हे फुलपाखरू बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही दिसतं. त्याच्या अळ्या सापसंदाच्या वेलीवर वाढतात.

पवईच्या आयआयटीत 2010 पासून सौरघटांच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तांबं, जस्त, कथील आणि गंधक या सहज मिळणाऱ्या मूलद्रव्यांच्या थरांवर देशभरातल्या विद्यापीठांत काम चालतं. कार्यक्षमतेत ते थर अजून सिलिकॉनच्या मागे आहेत, पण त्यांत विषारी कॅडमियम नाही. या कामाला मान आहे, आणि तो असायलाच हवा. मला खंत आहे ती दुसऱ्या बाजूची. शेतात बसून कीटक मोजणारा, त्यांच्या जाती ओळखणारा माणूस आपल्या खिजगणतीत नसतो. कोणता पतंग कुठे आणि कशावर जगतो हे त्याने लिहून ठेवलं नाही, तर प्रयोगशाळेने पाहायचं तरी कोणाकडे?

त्यात सरसकट फवारणीने घाटे अळीबरोबर तिच्या अंगात अंडी घालणारी कंपोलेटिस नावाची गांधीलमाशीही मरते. तुरीच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या आणि सुतार भुंगेही मरतात. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, पंप पाठीवर घेण्याआधी तुरीच्या झाडाखाली पोतं अंथरा, झाड हलवा आणि पडलेल्या अळ्या मोजा. थोड्या असतील तर वेचून काढा.

आणि मुंबईच्या श्रोत्यांनो, खिडकीतल्या कुंडीत चवळीचे चार दाणे पेरा. फुलं आली की शेपटीजवळ काळे ठिपके असलेलं एक लहानसं निळं फुलपाखरू येण्याचा संभव आहे. त्याची अळी चवळीच्या कळ्या-शेंगाच खाते. नराच्या पंखांवरचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नाही, खवल्यांच्या रचनेतून प्रकाश तसा परततो. ते आलं तर फोटो काढा. सोबत तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव लिहून ठेवा. नमस्कार.