लॅक्स्टनचा बांध

श्रोतेहो, नमस्कार. बांध कोरल्याचं भांडण आपल्याकडे तहसील कचेरीपासून कोर्टापर्यंत जातं आणि तिथंच वर्षानुवर्षं मुरतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशर परगण्यात लॅक्स्टन नावाचं एक गाव आहे. तिथं हे काम दरसाल गावकरीच निपटतात.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटनं एकामागून एक कायदे केले, इंग्लंडभरच्या मोकळ्या शिवारांना कुंपणं पडली. मोठ्या जमीनदाराचं भलं झालं, गरिबाची गुरं चारायची जागा गेली. लॅक्स्टनचं शिवार मात्र बरंचसं टिकलं. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. या तिन्हींत आजही वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत, मध्ये कुंपण नाही. पट्ट्या आता पूर्वीपेक्षा कमी आणि रुंद आहेत, ट्रॅक्टर वळायला हवा ना! एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसऱ्याला विसावा, आणि पुढच्या साली फेरपालट. १६३५ सालचा या गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात नांगरणारी माणसंसुद्धा रंगवली आहेत.

हिवाळा लागला की गावातले पंच गव्हाच्या शिवारात उतरतात. कुणाचा नांगर रस्त्यात किंवा सामाईक गवतात घुसलाय का, ते पाहतात आणि हद्दीवर लाकडी खुंट ठोकतात. मग डोव्हकोट इन या गावच्या पबमध्ये जेवण. आठवड्याभरानं तिथंच 'कोर्ट लीट' भरतं. हे मध्ययुगापासून चालत आलेलं गावचं न्यायालय, आणि त्याला आजही कायद्याचा आधार आहे. दंड किरकोळच असतो. पण सगळ्या गावासमोर आपलं नाव वाचलं जाणं, हे मला वाटतं दंडापेक्षा जास्त झोंबत असावं.

इथले बहुतेक शेतकरी कुळं आहेत. १९५२ साली सरकारनं हे गाव विकत घेतलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या जवळच्याच खासगी जमीनदारीकडे. मालक बदलले, पंच तेच राहिले.

तेच म्हणजे माणसं नव्हेत हं. पुढच्या वर्षीचे पंच त्याच बैठकीत शपथ घेतात. यंदा ज्याच्या चुकीवर खुंट ठोकला, तोच पुढं कधी हातोडा घेऊन तुमच्या पट्टीवर उभा राहू शकतो.