हे कोणत्या रकान्यात लिहू?

(गणेशोत्सवानंतरच्या स्नेहमेळाव्यात इंग्लंडातल्या आमच्या मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

आदरणीय ज्येष्ठ मंडळी, मित्रमैत्रिणींनो आणि मागच्या रांगेत बसलेल्या मुलांनो,

समितीने मला दिलेला विषय आपल्या सर्वांच्या रोजच्या जगण्यातला आहे. नोकरी आणि संसार सांभाळून देवधर्म, व्यायाम, सेवाकार्य आणि मैत्री या चारही गोष्टी कशा जमवायच्या, असा तो विषय. दोन महिन्यांपूर्वी मला कोणी यावर बोलायला सांगितले असते, तर मी वेळेच्या नियोजनाविषयी बोलले असते. परंतु गणपती बसण्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी एक वाद झाला आणि तेव्हापासून हा विषय मला वेगळाच दिसू लागला आहे.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि शाळेतून ड्यूक ऑफ एडिनबरा या तरुणांसाठीच्या पुरस्काराची तयारी करते आहे. इथल्या बहुतेक आईवडिलांना त्या नोंदी ठाऊक आहेत. स्वयंसेवा एका भागात, शारीरिक कसरत दुसऱ्या भागात, कौशल्य तिसऱ्या भागात, आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा भरायचा. मखर उभारायला हॉलवर चल, असे मी तिला म्हटले तेव्हा तिने अगदी सरळपणे विचारले, "आई, मी तिथे टेबलं उचलणार, मग आरती, मग जेवण वाढणार. हे सगळं मी कोणत्या रकान्यात लिहू?" तिच्या वडिलांना हा प्रश्न खटकला. देवाच्या कामाचा हिशेब ठेवायचा नसतो, असे ते म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "बाबा, हिशेब तर आपण सगळेच ठेवतो. जिमचे वार ठरलेत, पूजेची वेळ ठरली आहे, मंडळाचा शनिवार ठरला आहे. पुण्याच्या काकांना मात्र तुम्ही नुसतं 'करतो फोन' म्हणता, कारण त्यांच्यासाठी रकानाच नाही." पुढे आवाज चढले. शेवटी सासूबाईंनी पाने घेतली म्हणून तो विषय तेवढ्यावर थांबला.

माझ्या मनातून मात्र तो गेलेला नाही. ती उलट बोलली, यापेक्षा तिचा प्रश्न खरा होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिला ते काम टाळायचे नव्हते. जे काम एकाच वेळी श्रमाचे, सेवेचे, भक्तीचे आणि मैत्रिणींबरोबर हसण्याखिदळण्याचे होते, त्याचे चार तुकडे कसे करायचे, हे तिला खरोखर कळत नव्हते. आणि ते आपल्यालाही कळू नये, असे मला वाटते.

मी कोल्हापुरात वाढले. तिथल्या कोणत्याही पेठेतली तालीम डोळ्यांपुढे आणा. आत मारुती, त्याच्यासमोर तांबडी माती, भिंतीला टेकवलेले मुद्गल. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु तालमीचे खरे मोल मला तिच्या रोजच्या व्यवहारात दिसते. पहाटे जोर-बैठका काढणारा मुलगा आधी मातीला हात लावून मारुतीला नमस्कार करी. गणपतीत त्याच मुलांनी मांडव घालायचा, फुटबॉलच्या मोसमात त्यांनीच पेठेच्या नावाने मैदानात उतरायचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे आपण फुटबॉल संघांची म्हणून घेतो, पण ती मुळात तालीम मंडळांचीच आहेत. पंचगंगेचे पाणी चढू लागले की कोणाच्या आजीला माडीवरून खाली उतरवायचे आहे, हे या मुलांना कोणी सांगावे लागत नसे. २०१९ च्या महापुरातही गल्लोगल्लीची तरुण मंडळेच आधी धावली. तू आत्ता भक्ती करतो आहेस, व्यायाम करतो आहेस की मित्रांना भेटतो आहेस, असे त्या मुलाला कोणी विचारले असते, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

आम्हा मुलींना तालमीची पायरी चढता येत नसे. आमच्यासाठी श्रावणातले मंगळवार होते. इथे बसलेल्या माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या बायकांना मंगळागौरीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. सकाळची पूजा, पत्रीचा तो ओला वास, आणि रात्री जेवणे उरकून माजघर मोकळे झाले की सुरू होणारे जागरण. बसफुगडीने मांड्या भरून येत, झिम्म्याने तळहात लाल होत, पिंगा घालताना श्वास पुरत नसे, आणि तरीही कोणाची मामी पदर खोचून म्हणे की आता लाट्या बाई लाट्या झालेच पाहिजे. आज आपण पैसे भरून ज्या वर्गात जातो, त्या वर्गात तासाभरात जेवढा घाम येतो त्याहून अधिक घाम त्या रात्री आम्ही गाळला असेल. आणि पहाटे तीनच्या सुमारास, दमून भिंतीला टेकल्यावर, नव्याने सासरी गेलेली एखादी मुलगी जे आईलाही सांगू शकली नव्हती ते शेजारच्या मैत्रिणीला सांगे. त्या मैत्रीसाठी कोणी वेगळी वेळ ठरवलेली नव्हती. ती खेळातून, थकव्यातून आणि देवीसमोरच्या त्या जागरणातून आपोआप होत असे.

आपले मंडळही मंगळागौर करते. काही जणी आठवडे आठवडे सराव करतात, नऊवारी नेसतात, रंगमंचावर ध्वनिमुद्रित गाण्यावर सुंदर खेळ करतात, आणि उरलेले सारे सभागृह खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवते. त्या मैत्रिणींच्या कष्टांचा मला आदर आहे. तरीही मी प्रेमाने एक तक्रार करणार आहे. जो खेळ सर्वांनी खेळायचा होता, तो आपण पाहण्याचा केला. त्यातला व्यायाम रंगमंचावर राहिला, पूजा कोपऱ्यातल्या टेबलावर गेली, स्वयंपाकघरातली सेवा ठरलेल्या हातांकडे गेली, आणि मैत्रीला तर कार्यक्रमपत्रिकेत जागाच मिळाली नाही. माझ्या मुलीने जे रकाने दाखवले, ते आपण आपल्या उत्सवातही आखून ठेवले आहेत.

याचा अर्थ जुने सारे चांगले होते, असे मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत तरुणपणी वैधव्य आलेल्या एक काकू होत्या. प्रत्येक मंगळागौरीला त्या दिवसभर पुरण वाटत, आणि हळदीकुंकवाची वेळ झाली की मागल्या दाराने घरी जात. त्यांना थांबवावे असे कोणालाही वाटत नसे, लहानपणी आम्हालाही वाटले नाही. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे यापुढे होणार नाही, असे एका गावाने ठरवले, आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. हेरवाडला जे ठरवता आले, ते इंग्लंडातल्या आपल्या मंडळाला ठरवता येत नाही, हे मानायला माझे मन तयार नाही. चारही गोष्टी पुन्हा एकत्र आणायच्या असतील, तर त्या वेळी बंद असलेली दारे आधी उघडावी लागतील. श्रद्धा नसलेल्यांसाठीही ती उघडावी लागतील. देव न मानणारे अनेक सभासद आपल्यात आहेत, आणि हॉल रिकामा करताना शेवटपर्यंत थांबणाऱ्यांमध्ये मला ते नेहमी दिसतात. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि कीर्तन रात्री करत. तो क्रम आठवला, तर खुर्च्या उचलणाऱ्या या मित्रांना आपण आरतीच्या वेळी परके मानणार नाही.

व्यायामाविषयी थोडे स्पष्ट बोलते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांसाठी इथली आरोग्यसेवा बीएमआय २३ च्या पुढे गेला की धोका वाढला असे मानते, याचे कारण हेच आहे. आपण बारीक दिसतो, म्हणून निर्धास्त राहतो, आणि मधुमेह आपल्याला गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा कमी वयात गाठतो. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मेळाव्यात आपण दुपारपासून रात्रीपर्यंत बसून असतो, दोनदा जेवतो आणि दाराजवळची पार्किंगची जागा मिळावी म्हणून धडपडतो. हे आपण बदलू शकतो.

ज्यांना जिममध्ये एकटे वाटते, त्यांना मी पार्करनचे उदाहरण देते. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले, तिथून ते सुरू झाले. पॉल सिंटन-ह्यूइट यांना दुखापतीमुळे स्वतःला धावता येत नव्हते आणि धावणाऱ्या मित्रांपासून तुटायचे नव्हते, म्हणून त्यांनी हा घाट घातला. आजही दर शनिवारी ते विनामूल्य असते आणि स्वयंसेवकच ते चालवतात. या देशानेही व्यायाम, सेवा आणि मैत्री एकाच सकाळी बांधून दाखवली आहे. आपल्याकडे तर त्यासाठी फार जुना आणि फार मोठा नमुना आहे, तो वारीचा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट लोक पायी चालतात, आणि वाटेत कोणी पाणी देतो, कोणी वहाणा शिवून देतो, कोणी पाय चेपतो. दिंडीत शेजारी चालणारा माणूस अनोळखी असला तरी त्याला माउलीच म्हणतात. दिवे घाट चढताना या साऱ्याचे चार भाग करायला कोणाला सुचत असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझी समितीला विनंती आहे की पुढच्या वर्षी आषाढी एकादशी आपण हॉलमध्ये खुर्च्या मांडून करू नये. त्या दिवसांत इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. कालव्याच्या काठाने टाळ-मृदंगासह चालत जावे, प्रत्येकाच्या पिशवीत फूड बँकेसाठी डाळ-तांदूळ असावेत आणि ते तिथेच पोहोचवावेत. ज्यांचे गुडघे चालू देत नाहीत, त्यांनी वाटेत पाणी घेऊन थांबावे, म्हणजे तेही वारीतलेच. श्रावणात शाळेचा जिमखाना भाड्याने घ्यावा, रंगमंच आणि ध्वनिमुद्रित गाणी नकोत, आणि सवाष्ण, विधवा, अविवाहित, घटस्फोटित, इतर समाजांतून आलेल्या सुना, शाळकरी मुली, सगळ्यांनी एकाच गोलात फुगड्या घालाव्यात. मामी-काकूंनी शिकवावे, मुलींनी शिकावे. एवढ्याने सगळे जमेल असे नाही, पण जे जमेल ते एकत्र जमेल.

आता जी गोष्ट मला जमताना दिसत नाही, ती सांगते. २०१८ च्या जानेवारीत या देशाच्या सरकारने एकाकीपणासाठी एक मंत्री नेमला. तेव्हा आपल्यातल्या अनेकांना ते नवल वाटले होते, कारण एकाकीपणा हा आपला प्रश्न नाही, अशी आपली समजूत होती. आज आपल्या सभासदांच्या यादीत जोडीदार गेलेली, गाडी चालवणे सोडलेली आणि "मुलांना त्रास नको" म्हणणारी माणसे आहेत. त्यांतली काही आज इथे आहेत, कारण कोणीतरी त्यांना गाडीतून आणले. जी आलेली नाहीत, त्यांची नावे मी मुद्दाम घेत नाही. ती चालायला येऊ शकत नाहीत, फुगडीला येऊ शकत नाहीत, आणि त्यांतली कित्येक तर देवळातही जाईनाशी झाली आहेत. आपली मुले दूरच्या विद्यापीठांत जातील आणि बहुधा तिकडेच राहतील. आपल्यातले धडधाकट लोक आणखी पंधरा-वीस वर्षांनी त्याच यादीत असतील. दिवाळीनंतर चार वाजता अंधार पडू लागतो आणि संक्रांतीपर्यंत मंडळाचा एकही कार्यक्रम नसतो. त्या आठवड्यांत या घरांची बेल कोणी वाजवायची, यासाठी समितीकडे आज कोणतीही व्यवस्था नाही. मी बरेच दिवस विचार करते आहे आणि मलाही ती सुचलेली नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचली असेल, तर जेवणाआधी मला येऊन सांगा.