वाड्यातलं वायफाय: बूस्टर घ्यायच्या आधी हे पाहा

नमस्कार मंडळी. समोरच्या बैठकीत वायफाय मस्त पळतं, अन् मागच्या सैपाकखोलीत गेलं की व्हिडिओवर नुसतं चक्र फिरत राहतं. मग कोणीतरी सांगतं, "बूस्टर लावून टाक ना भाऊ." बूस्टर म्हणजे आलेलं वायफाय पकडून पुढं पाठवणारा डबा. थोडं थांबा. ते पैसे खिशातच राहू द्या.

[पडद्यावर घराचा नकाशा]

हे आपल्याकडचं नेहमीचं घर. पुढं सपरी, मग बैठक, माजघर, सैपाकखोली, मागं आंगण अन् त्याच्या पलीकडं गोठा. जुन्या भिंती मातीच्या, दीड-दोन फूट जाड. मधे केव्हातरी सिमेंटची खोली वाढवली, तिच्यावर टिनं. इंटरनेटवर मिळणारे सल्ले शहरातल्या फ्लॅटचे असतात. तिथल्या आतल्या भिंती चार-सहा इंचाच्या. ते सल्ले इथं कसे चालतील?

वायफायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, असतात: २.४ गिगाहर्ट्झ अन् ५ गिगाहर्ट्झ. ५ वाल्याला वेग जास्त, पण जाड भिंत लागली की तो लवकर संपतो. २.४ वाला हळू, पण थोडा आतपर्यंत पोचतो. त्यात मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणून श्रावणात मागच्या खोलीची रेंज आणखी पडली, तर नवल नाही. टिनाच्या पत्र्यातून तर लहरी जातच नाहीत, आपटून परत येतात. अन् उन्हाळ्यातला आपला कूलर! पत्र्याचा डबा, आत पाणी. राउटर त्याच्यामागं ठेवलेला मी किती घरांत पाहिलाय, बाप्पा.

आता राउटर लागतो कुठं? फायबरवाला येतो, खांबाच्या जवळच्या भिंतीला भोक पाडतो, तिथंच खिळा ठोकून डबा टांगतो. म्हणजे अर्धं वायफाय रस्त्यावरच्या पोट्ट्यांना. केबल बसवतानाच त्याला सांगा, दहा-पंधरा मीटर जास्त सोड. डबा माजघरात, डोक्याच्या वर, उघड्यावर ठेवा. लोखंडी आलमारीवर नको. अँटेना उभे ठेवा. उभा अँटेना आपल्याच मजल्यावर आडवा पसरतो. चॅनलची, म्हणजे बँडमधल्या छोट्या पट्ट्यांची, फार काळजी करू नका. २.४ वर १, ६ किंवा ११ यातलं एक निवडा अन् पुढं चला. खेड्यात शेजाऱ्याचं वायफाय आपल्यापर्यंत येतंच किती?

मग मोजा. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर नावाची फुकट ॲप मिळतात. त्यात आकडा वजामध्ये दिसतो. वजा ५० म्हणजे उत्तम. वजा ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो. वजा ८० च्या खाली नाव दिसेल, काम होणार नाही. आकडा १० नं खाली गेला की सिग्नलची ताकद दहापटीनं कमी झाली, हे लक्षात ठेवा.

आता बूस्टर. आपण तो लावतो मागच्या खोलीत, जिथं रेंज आधीच मेलेली. विहिरीला पाणी नाही अन् आपण मोटर मोठी बसवतो, तसलं हे काम. वर स्वस्तातला बूस्टर एकाच रेडिओवर ऐकतो अन् त्याच्यावरच पुढं पाठवतो, म्हणून वेग जवळपास अर्धा होतो. महागडे मेश (एकमेकांशी जोडून चालणारे दोन-तीन राउटर) घेतले तरी बिनतारी जोडणीत त्यांनाही तीच भिंत ओलांडायची आहे.

माझं म्हणणं सरळ आहे: मातीच्या भिंतीतून वायफाय नेऊ नका, तार न्या.

[हातात केबल]

ही कॅट ६ केबल. १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, आपला वाडा तेवढा लांब नसतो. दुकानात "प्युअर कॉपर" मागा. स्वस्तात मिळते ती बरेचदा ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. आतल्या आठही तारा कनेक्टरमध्ये नीट बसवा. चारच बसल्या तर वेग १०० एमबीपीएसवर अडकतो. भिंत फोडायची गरज नाही, आढ्याजवळून किंवा खिडकीच्या चौकटीतून न्या, पण पीव्हीसी पाइपात घालून. उंदीर केबल सोडत नाहीत अन् छतावर वानरं.

दुसऱ्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर. आधी तो लॅपटॉपला जोडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. त्याचं डीएचसीपी, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम, बंद करा. नाव-पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा, चॅनल वेगळं. मग केबल त्याच्या लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात लावा, वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नाही. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. राउटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" (तारेनं आलेलं नेट वायफायनं पसरवायची सोय) असेल तर एवढी खटपटही नको, फक्त तो निवडा.

गोठ्यात कॅमेरा लावायचा असेल तर मात्र आंगणावरून तांब्याची केबल ओढू नका. मृगाच्या आधी आपल्याकडं विजा कशा कडकडतात, ठाऊक आहे. जवळपास वीज पडली तरी दाब तारेतून दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकतो. तिथं फायबर टाका, ती काचेची तार, तिच्यातून वीज जात नाही. दोन्हीकडं मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर अन् साधी केबल जोडणारा डबा. फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती भिंतीबाहेरच छाटून टाका, डब्यापर्यंत आणू नका.

राउटरच्या माहितीपत्रकात बहुधा ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं सावलीतच ४५ होतं, टिनाखालचं तर विचारूच नका. दुपारी दोनला नेट बंद अन् रात्री आपोआप चालू होत असेल, तर कंपनीला फोन लावायच्या आधी डबा खाली, हवेशीर जागी आणून पाहा.

लाइन गेली की मुख्य राउटर छोट्या यूपीएसवर चालतो, पण मागचा जुना राउटर बंद पडतो, अन् घरातले म्हणतात तुझी केबल बिघडली. त्यालाही वेगळा यूपीएस द्या. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट, ॲम्पिअर अन् पिनची जाडी बघून घ्या. कोणी १२ व्होल्टचा असतो, कोणी ९ चा. पिन बसली म्हणून व्होल्ट जुळले असं होत नाही.