व्हर्जिनियात गुलामी कशी रुजली

मंडळी, अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की १६१९ साल हमखास निघतं. त्या ऑगस्टमध्ये ‘व्हाइट लायन’ हे इंग्रजी जहाज व्हर्जिनिया या इंग्रजांच्या वसाहतीत पॉइंट कम्फर्टला लागलं. त्यावर अंगोलातली वीसेक माणसं होती. पोर्तुगीज त्यांना लुआंडाहून मेक्सिकोकडे नेत होते, वाटेत या चाच्यांनी ती लुटली आणि इथे शिधासामग्रीच्या बदल्यात देऊन टाकली.

तिथेच सगळं ठरलं, असं मला वाटत नाही. व्हर्जिनियात तेव्हा गुलामीचा कायदाच नव्हता. तंबाखूच्या मळ्यांवर राबत होती ती मुख्यतः इंग्लंडची गरीब पोरं. जहाजाच्या भाड्यापोटी चार-सात वर्षं राबायचं, मग मोकळं व्हायचं. काही आफ्रिकीही असे सुटले. १६२१ साली आलेला अँटोनियो पुढे अँथनी जॉन्सन झाला आणि १६५१ मध्ये २५० एकरांचा धनी. आता गंमत पाहा, १६५५ मध्ये याच जॉन्सनने कोर्टात जाऊन जॉन कॅसर हा आफ्रिकी माणूस आपला जन्माचा चाकर आहे, असं ठरवून घेतलं!

पण फट आधीच पडली होती. १६४० मध्ये तीन चाकर मालकाकडून मेरीलँडला पळाले. एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच, काळा. तिघेही पकडले गेले, तिघांनाही तीस-तीस फटके. गोऱ्या दोघांची चाकरी चार वर्षांनी वाढली. पंचला मात्र मरेपर्यंत चाकरी. गुन्हा तोच, कोर्ट तेच.

मग १६५६ मध्ये ‘एलिझाबेथ की’ नावाची बाई आपल्या सुटकेचा दावा कोर्टात जिंकली. आई आफ्रिकी, बाप इंग्रज. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाच्या दर्जाचं, शिवाय तिचा बाप्तिस्मा झालेला. ती सुटली, आणि मळेवाल्यांना ही पळवाट दिसली. १६६२ मध्ये विधानसभेने कायदा केला: मूल आईच्या दर्जाचं. या एका ओळीचा हिशेब करून बघा. मालकाने गुलाम बाईवर अत्याचार केला, तर होणारं मूल त्याच्याच मालमत्तेत जमा. १६६७ मध्ये दुसरी पळवाटही बुजवली. बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही.

एवढं होऊनही १६७१ मध्ये गव्हर्नर बर्कलीच्या अंदाजाने चाळीस हजारांच्या वसाहतीत काळे गुलाम दोनच हजार होते, गोरे चाकर सहा हजार. मोठी आयात नंतरची. इंग्लंडहून चाकर येणं आटलं, आणि १६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकनने बर्कलीविरुद्ध केलेल्या बंडात काळे-गोरे चाकर खांद्याला खांदा लावून लढले, त्याचीही धास्ती होतीच. कुठलं कारण किती वजनाचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. १७०५ मध्ये सगळे कायदे एका संहितेत बांधले गेले.

आणि जॉन्सन? तो १६७० मध्ये वारला. व्हर्जिनियातल्या ज्युरीने निकाल दिला की तो काळा होता, म्हणून परका, आणि त्याची जमीन सरकारजमा होऊ शकते.